झिजलेल्या पानांवरचा टाइप निर्णयसागरी आहे का, कसं ओळखावं?

पिवळी_पानं: एका संस्कृत ग्रंथाच्या मराठी भाषांतराचं स्कॅन हाताशी आहे. शीर्षकपान गहाळ. अक्षर घोटीव, ङ्ग, ट्ट, ल्ल अशी जोडाक्षरं एकाखाली एक रचलेली, म्हणून मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचा टाइप असावा असं वाटतं. पण शाई इतकी पसरलीय की घ आणि ध वेगळे करता येत नाहीत. एक गोष्ट मात्र ठळक आहे: एकाच पानावर पुष्कळ ठिकाणी ‘म’च्या गाठीला अगदी सारखाच टवका उडालाय. यावरून छापखाना आणि साल ठरेल का?

जुना_जुळारी: तो टवका एका खिळ्याचा (धातूच्या सुट्या अक्षराचा) नाही. खिळा एका पानात एकदाच बसतो. पान छापून झालं, खिळे परत केसमध्ये (खणांच्या पेटीत) सोडले, की मग तो दुसऱ्या पानात येऊ शकतो. तेव्हा शक्यता दोन. एक, दोष मातृकेतच (खिळा ओतायच्या साच्यातच) असेल, म्हणजे तिच्यातून ओतलेला प्रत्येक ‘म’ तसाच निघणार. असं असेल तर फाउंड्री (खिळे ओतणारा कारखाना) ओळखायला याहून चांगली खूण नाही. दुसरी शक्यता जास्त घातक आहे. पीडीएफ निव्वळ काळी-पांढरी आहे का? जेबिग-२ पद्धतीने आकार कमी करताना सॉफ्टवेअर एका ‘म’चं चित्र उचलून सारख्या दिसणाऱ्या सगळ्या ‘म’च्या जागी चिकटवतं. याच कारणाने काही स्कॅनर कागदावरचे आकडेच बदलतात, हे २०१३ साली उघडकीला आलं होतं. तुमचे घ आणि धसुद्धा तिथेच एक झाले असतील.

शाईवाली: शिळाछाप (दगडावरून केलेली छपाई) नाही ना, तेही बघा. मुंबईचे जुने छापखानदार गणपत कृष्णाजींनी सुरुवात शिळाछापानेच केली होती. खिळ्यांची छपाई असेल तर पानाच्या पाठीला दाब बोटाला लागतो.

पिवळी_पानं: पीडीएफ काळी-पांढरीच आहे! मूळ प्रत ग्रंथालयात आहे, नवं स्कॅन मिळेल. कसं मागू?

जुना_जुळारी: करड्या छटांत, ६०० डीपीआय, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग एकाच अक्षराचे बरेच नमुने कापून एकावर एक ठेवा. सगळ्यांत असेल ते मातृकेचं, एखाद्यात असेल ते शाईचं किंवा त्या एका खिळ्याचं. रेघेच्या जाडीवर अजिबात विश्वास ठेवू नका, दाबाखाली शाई कडेला सरकते आणि सगळंच जाड दिसतं. प्रमाणं टिकतात: गाठीपासून कान्यापर्यंतचं अंतर, उकाराचा झोक, वेलांटीची कमान. अ, झ, ण आवर्जून बघा, मुंबई आणि कलकत्ता वळणांतला फरक तिथे लगेच कळतो. रफार किंवा अनुस्वार नाहीसा दिसला तर घाबरू नका. खिळ्याच्या बाहेर लोंबणारा भाग सर्वांत आधी तुटतो. मग निर्णयसागरचं साल छापलेलं एखादं पुस्तक तितक्याच मापात स्कॅन करून शेजारी ठेवा.

अक्षर जुळलं तरी छापखाना ठरत नाही, हे मात्र मी ठासून सांगतो. निर्णयसागरच्या जावजी दादाजींच्या फाउंड्रीचे खिळे इतर छापखानेही विकत घेत. सालाचंही तेच: टाइपावरून ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच म्हणता येतं, कारण खिळे वर्षानुवर्षं वापरात राहत. ग्रंथालयात जाताच आहात तर कोरी पानं उजेडासमोर धरा. विलायती कागदाच्या जलचिन्हात कधीकधी साल असतं.