2020 साली तुमचं शहर कसं वागलं? (अनुभव धागा)

मार्च 2020मध्ये कोरोनाच्या साथीमुळे नाट्यगृहं, सभागृहं, संग्रहालयं एकामागोमाग बंद झाली. त्या वर्षी तुम्ही जिथे होतात, तिथल्या लोकांनी गाणं-नाटक-चित्रं कशी जगवली? बातम्यांत आलेलं नको, डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. पडद्यामागच्या माणसांबद्दल माहीत असेल तर आवर्जून लिहा. त्यांच्याविषयी फारच कमी लिहिलं गेलंय.

न्यूयॉर्क

12 मार्चला ब्रॉडवेची, म्हणजे इथल्या मोठ्या व्यावसायिक नाटकांच्या भागातली सगळी, म्हणजे 41 थिएटरं बंद झाली. महिनाभराचा प्रश्न आहे असं तेव्हा सांगितलं होतं. मोठे प्रयोग पुन्हा सुरू व्हायला सप्टेंबर 2021 उजाडला.

आमच्या इमारतीतल्या एक बाई थिएटरात कपडेपट सांभाळायच्या. नटांची चौकशी सगळे करत, यांची कोणी करत नसे. त्या घरी बसून मास्क शिवायच्या आणि इमारतीत वाटायच्या. संध्याकाळी सातला रुग्णालयात राबणाऱ्यांसाठी टाळ्या आणि भांड्यांचा गजर सुरू व्हायचा, तेव्हा खिडकीत सगळ्यांच्या आधी त्याच. मला त्यांचा फार आधार वाटायचा.

ऑगस्टच्या शेवटी न्यूयॉर्क फिलहार्मनिक या वाद्यवृंदाचे वादक पिकअप ट्रक घेऊन वस्त्यावस्त्यांतून वाजवू लागले. गर्दी होऊ नये म्हणून आधी जाहीर करत नसत. ब्रुकलिनमध्ये मी चालता चालता अचानक ऐकलं. कामावरून परतणारी माणसं पिशव्या हातात धरून उभी होती. त्यातल्या कितीतरी जणांनी या वाद्यवृंदाच्या सभागृहाची पायरी कधी चढली नसेल. असं व्हायला इतकं मोठं संकट यावं लागलं, याचं वाईटही वाटलं.

मिलान

बाल्कनीतल्या गाण्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ती गाणी खरी होती, मीही गायले. पण थोड्याच आठवड्यांत थांबली. अँब्युलन्सचे भोंगे सतत ऐकू येत होते, गायचं मन कोणाला होणार?

ला स्काला हे इथलं ऑपेरागृह तर फेब्रुवारीतच बंद झालं होतं. 7 डिसेंबर हा तिथे हंगाम सुरू होण्याचा मानाचा दिवस. त्या वर्षी प्रेक्षकांविना कार्यक्रम झाला, वाद्यवृंद प्रेक्षकांच्या जागी बसला आणि आम्ही घरी टीव्हीवर पाहिलं. गायिकेचा आवाज टिपेला पोहोचून थांबला आणि पुढे टाळीच नाही. मी घरात एकटीच टाळ्या वाजवत राहिले.

बार्सिलोना

लिसेऊ ऑपेरागृह जूनमध्ये उघडलं ते 2,292 कुंडीतल्या झाडांसाठी! प्रत्येक खुर्चीवर एक झाड, समोर चार वादक. नंतर ती झाडं आरोग्य कर्मचाऱ्यांना दिली. माझ्या ओळखीच्या एका नर्सला एक मिळालं. तिने ते वॉर्डाबाहेर ठेवलं होतं.

एडिंबरा

1947 पासून ऑगस्टमध्ये भरणारा इथला कला महोत्सव 2020मध्ये पहिल्यांदाच रद्द झाला. बाहेरून पाहणाऱ्याला ती फक्त एक सुट्टी वाटेल. इथे मात्र ध्वनी-प्रकाश सांभाळणारे, पोस्टर लावणारे, खोल्या भाड्याने देणारे, सगळ्यांचं वर्षाचं गणित त्या एका महिन्यावर बसलेलं असतं. माझा रूममेट ध्वनितंत्रज्ञ होता. त्याने घरोघरी सामान पोहोचवायचं काम धरलं. पुढच्या वर्षी महोत्सव लहान स्वरूपात भरला, बोलावणंही आलं, पण तो गेला नाही. पगार दर महिन्याला हातात येतो, हे त्याला सोडवेना. मला त्यात त्याची काही चूक दिसत नाही.

ब्रिस्टल

माझा अनुभव साथीचा नाही, पण त्याच वर्षाचा. अमेरिकेत मिनीॲपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या हातून खून झाला, त्यानंतर 7 जूनला इथल्या निदर्शकांनी गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा पाडून बंदरात ढकलला. महापालिकेने तो चार दिवसांनी पाण्यातून काढला आणि पुढच्या वर्षी संग्रहालयात आडवा मांडला, अंगावरच्या रंगाच्या खुणांसकट. लोकांकडून मतंही मागवली. मी रांगेत उभी राहून माझं लिहून दिलं: पुन्हा चौथऱ्यावर चढवू नका, इथेच असा ठेवा. माझ्यापुढचे आजोबा नेमकं उलट लिहीत होते आणि आम्ही दोघं बाहेर पडल्यावरही बराच वेळ वाद घालत होतो.