मदत हवी आहे: चिपळूणच्या शिवनदीकाठचा पूरनकाशा

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं-चौघं शिवनदीच्या काठाने फिरून 22 जुलै 2021 च्या पुराच्या खुणा नोंदवतोय. भिंतीवरची चिखलरेघ रंगकामात पुसली गेलीय, पण 'पाणी इथवर होतं' हे बोटाने दाखवणारी माणसं अजून आहेत. काही घरांत तर 2005 चीही खूण सांगतात.

निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे 25 आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, माहीत आहे. आम्हाला हवंय ते वेगळं: कुठल्या गल्लीत पाणी आधी शिरतं आणि किती चढतं.

अडचण उंचीची. फुकट मिळणारा उपग्रहाचा उंचीचा डेटा 30 मीटरच्या चौकटींचा. आमची नदी काही ठिकाणी तेवढी रुंदही नाही! शिवाय त्यात झाडं-छपरंच जमीन म्हणून मोजली जातात. सध्या गवंड्याचा लेव्हल पाइप वापरतोय (हसू नका, जवळच्या अंतराला तो चोख आहे), पण लांबवर चूक साठत जाते. भाड्याने ऑटो लेव्हल (दुर्बिणीतून उंचीतला फरक मोजणारं यंत्र) घ्यावी की डीजीपीएस (उपग्रहांवरून अचूक जागा आणि उंची सांगणारं यंत्र)? जवळपास सर्वे ऑफ इंडियाचा बेंचमार्क (उंची पक्की मोजलेली कायमची खूण) कुणी पाहिलाय?

दुसरं, शिवनदी जिला मिळते ती वाशिष्ठी नदी भरली की शिवनदीचं पाणी उलटं फिरतं, त्यात खाडीची भरती. हेक-रासमध्ये (नदीचं पाणी किती चढेल-पसरेल याचं गणित करणारं सॉफ्टवेअर) नदीच्या खालच्या टोकाला पाण्याची पातळी कुठली धरायची? गाळ उपसल्यावर जुने काटछेद (नदीपात्राच्या आडव्या मोजणीचे आराखडे) चालतील का?

क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) जमतं, बाकी नवखेच आहोत.