मदत हवी आहे: मण्यारीचा दंश दुखत नाही, तरी श्वास का थांबतो?

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. भातकापणी सुरू होण्यापूर्वी नववी-दहावीची मुले आणि त्यांचे पालक यांच्यासाठी सर्पदंश व विंचूदंश या विषयावर एक तास घेण्याचे ठरले आहे. काय करावे आणि काय करू नये हे सांगणारी पत्रके मिळतात. परंतु विष चेतासंस्थेत शिरून नेमके काय करते, हे मला सांगायचे आहे. आमच्याकडे एक समजूत घट्ट रुजलेली आहे. दंशाची जागा सुजली नाही, ठणकली नाही, तर ‘पान लागलेले नाही’, म्हणजे विषारी साप चावलेला नाही, असे मानून माणसे उजाडण्याची वाट पाहतात. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिच्या दंशाला बहुधा सूज वा वेदना नसते, त्यामुळे ही वाट पाहणेच जिवावर बेतते. केवळ ‘थांबू नका’ असे बजावून ही समजूत जाणार नाही. कारण पटले तर जाईल, असे मला मनापासून वाटते.

मला समजले आहे ते आधी मांडते. विश्रांत चेतापेशीच्या आवरणाची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. संदेश आला की आवरणातील सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत धावतो, आतली बाजू क्षणभर धन होते आणि साधारण एका मिलिसेकंदात ती दारे पुन्हा मिटतात. हीच उलथापालथ तंतूवर पुढे सरकत जाते. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ साली हे गणितासह मांडले, ते माकुलाच्या (स्क्विडच्या) जाड चेतातंतूवर प्रयोग करून. हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावात टोपल्यांनी येणाऱ्या या प्राण्याच्या शरीरात जवळपास अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा चेतातंतू असतो, हे मुलांना सांगितले तर धडा त्यांच्या घरातला होईल. तंतूच्या टोकाशी मात्र वीज थांबते. चेता आणि स्नायू यांच्यामध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते आणि ती ॲसिटिलकोलिन हे रसायन ओलांडते.

आता माझ्या शंका. विंचूदंशात माणूस वेदनेने तळमळतो, घामाने भिजतो, हातपाय थंड पडतात. मण्यारीच्या दंशात तो शांतपणे लुळा पडत जातो. दोन्ही विषे चेतासंस्थेवरच काम करत असतील, तर चित्र इतके उलट का? शिवाय मण्यारीच्या विषाने पापण्या, घसा आणि छातीचे स्नायू थांबतात, मग हृदयही स्नायूच असून ते का चालू राहते? आणि अशा रुग्णाला आपले बोलणे ऐकू येत असते, असे मी वाचले आहे. हे खरे आहे का? कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

नमस्कार बाई. मी रायगड जिल्ह्यात अनेक वर्षे वैद्यकीय सेवा केली आहे. आपली मांडणी योग्य आहे आणि आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर त्याच मांडणीत आहे. लाल विंचवाचे विष सोडियमची दारे मिटू देत नाही. त्यामुळे तंतू पुन्हा पुन्हा पेटत राहतो आणि त्याच्या टोकातून रसायनांचा पूर येतो. वेदना वाहून नेणारे तंतू पेटतात म्हणून असह्य दुखते. आपल्या इच्छेविना चालणारी स्वायत्त चेतासंस्था पेटते म्हणून उलट्या, घाम आणि लाळ येते, आणि पुढे तिच्या अनुकंपी, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या भागाच्या अतिरेकाने रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब चढतो. हृदयावरचा हा ताण वाढत गेला तर फुप्फुसांत पाणी भरते, आणि मृत्यू येतो तो बहुधा या मार्गाने. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी येथील रुग्णांवर प्राझोसिन वापरून दाखवले. हे औषध रक्तवाहिन्यांवरील अनुकंपी संदेश अडवते, म्हणजे वादळाच्या मुळाशी न जाता त्याचा फटका थोपवते. विंचूविषाचे प्रतिविष प्राझोसिनसोबत दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे महाडमध्येच झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

मण्यारीचे विष तंतूच्या विजेला हात लावत नाही. ते फटीच्या अलीकडे, चेतेच्या टोकात शिरते आणि ॲसिटिलकोलिनचा साठा सोडण्याची व्यवस्थाच मोडते. फटीच्या पलीकडे स्नायूवरची ते रसायन स्वीकारणारी ग्रहणस्थानेही विषातला दुसरा घटक अडवतो. वेदनेचे तंतू पेटत नाहीत, म्हणून दुखत नाही. काही रुग्णांच्या पोटात मात्र दुखते, आणि रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या या तक्रारीकडे अपचन म्हणून दुर्लक्ष होता कामा नये.

हृदयाला ठोका देण्यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही; त्याच्या उजव्या अलिंदातील (वरच्या कप्प्यातील) पेशींचा पुंजका स्वतःच लय निर्माण करतो. चेतासंस्था ती लय फक्त कमीजास्त करते. श्वासाचे तसे नाही. त्याची लय मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत ठरते आणि प्रत्येक श्वासाचा आदेश मानेतून निघणाऱ्या चेतेने श्वासपटलापर्यंत जावा लागतो. आदेश निघतो, फटीपर्यंत पोहोचतो आणि तिथेच अडतो.

तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची आहे. विषाची ही प्रथिने रक्तातून मेंदूत सहसा शिरू शकत नाहीत. त्यामुळे प्राणवायू मिळत असेल तोवर रुग्ण शुद्धीत असतो. पापण्या मिटलेल्या, बाहुल्या विस्फारलेल्या, बोट हलत नाही. अशा माणसाला मृत समजण्याची चूक होऊ शकते, म्हणून त्याच्या खाटेशेजारी बोलताना तो ऐकतो आहे असे धरूनच बोलावे. त्याला कृत्रिम श्वास देत राहिल्यास चेतेची टोके काही दिवसांत ते काही आठवड्यांत पुन्हा वाढतात आणि माणूस पूर्ण बरा होऊ शकतो.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. एकच विचारते: टोके पुन्हा वाढणार असतील, तर प्रतिविष तातडीने देण्याचा आग्रह कशासाठी?

प्रतिसाद

प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. चेतेच्या टोकात शिरलेल्या विषापर्यंत ते पोहोचत नाही. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, परंतु मण्यारीच्या दंशात उशिरा दिल्यास लुळेपणा उलटत नाही, आणि मग सारी भिस्त कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर राहते. ते यंत्र असलेले रुग्णालय आपल्या वाडीपासून किती दूर आहे आणि रात्री तिथे कोणाच्या वाहनाने जाता येईल, हे त्या तासालाच पालकांकडून लिहून घ्यावे. दंश झालेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, दोरीने करकचून आवळू नये, आणि वाटेत श्वास थांबल्यास तोंडाने श्वास देणे रुग्णालय येईपर्यंत सोडू नये.