मदत हवी आहे: विजापूर दीड दिवसात, काय बघावे आणि कोणत्या क्रमाने?

अनवट
नमस्कार मंडळी. डिसेंबरात पुण्याहून सोलापूरमार्गे विजापूरला जायचे ठरते आहे. गुरुवारी रात्री पोहोचू, शुक्रवार पूर्ण हातात आहे, शनिवारी दुपारी दोनला परतीची गाडी. सोबत सत्तरीचे आईबाबा (आईचे गुडघे दुखतात, जिने शक्यतो नकोत) आणि सातवीतला मुलगा. नेटवर सगळीकडे तीच पंधरा ठिकाणांची यादी सापडते. नेमके विचारायचे ते असे:
१. गोल घुमट कधी बघावा? वर न चढता काही कळते का?
२. इब्राहिम रोझा आणि जुम्मा मशीद यांतले एकच जमले तर कोणते?
३. शुक्रवारी काही बंद असते का?
४. आरक्षणात 'विजापूर' लिहिले तर स्टेशन सापडत नाही, ते का?

चुनखडी
आधी तिसरा प्रश्न, कारण तुमचा सगळा आराखडा त्यावर हलणार आहे. गोल घुमटासमोरच्या नक्कारखान्यात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद. जुम्मा मशिदीत शुक्रवारी दुपारची मोठी नमाज असते, त्यामुळे साधारण साडेअकरा ते अडीच तिकडे फिरकू नका. म्हणजे ही दोन्ही ठिकाणे शनिवार सकाळची. गोल घुमट आणि इब्राहिम रोझा शुक्रवारी उघडे असतात.

चौथा: शहराचे अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून विजयपुरा आहे, आरक्षणात तेच टाका. जम्मूकडेही एक विजयपूर आहे, तेव्हा राज्य बघून मगच पैसे भरा. स्टेशनचा संकेत अजूनही जुन्या नावाचा, बीजेपी. यावर विनोद करून झालेले आहेत, नवे नकोत. सोलापूरहून रस्त्याने साधारण 100 किमी. स्टेशन शहराच्या पूर्वेला, गोल घुमटाच्या बाजूला आहे आणि बसस्थानक मध्यभागी, अर्किल्ल्याला (शहराच्या आतल्या बालेकिल्ल्याला) लागून. रेल्वेने येणार असाल तर मुक्काम घुमटाच्या बाजूला घ्या, सकाळी सोपे जाते.

रानवारा
गोल घुमटाबद्दल. दार सकाळी सहाला उघडते, पण डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. त्यामुळे सव्वासहा-साडेसहाला तिकीट काढून आत शिरलात की बरोबर. भारतीयांना 25 रुपये, ऑनलाइन काढले तर थोडे कमी, पंधरा वर्षांखालच्यांना फुकट. सहलींचा हंगाम असल्याने नऊनंतर शाळांच्या बस लागतात. एकदा मुले वर पोहोचली की कुजबुज वगैरे विसरा, शंभर जण एकदम किंचाळत असतात आणि घुमट ते किंचाळणे इमाने इतबारे परत करत असतो.

वर जायचा रस्ता चार कोपऱ्यांतल्या सात मजली अष्टकोनी मनोऱ्यांमधून. जिना अरुंद, गोल, पायऱ्या उंच आणि झिजलेल्या, संख्या शंभराच्या वर. दर मजल्यावर खिडक्या आहेत, तिथे थांबून दम घेता येतो. जिना गच्चीवर निघतो, आणि गच्चीवरून घुमटाच्या बुडातल्या दारांनी आतल्या सज्जात जाता येते. आईंना हे नकोच. भल्या पहाटे जिन्यात अंधार असतो, मोबाइलचा दिवा पुरतो, पण उतरताना एक हात भिंतीला मोकळा ठेवा.

सज्जात लोक हमखास जी चूक करतात ती ही की अख्खे वाक्य ओरडतात. घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर. आवाज समोरच्या भिंतीला लागून परत यायला 76 मीटर कापतो, म्हणजे साधारण सव्वादोन दशांश सेकंद. तुमचे वाक्य संपायच्या आत पहिला प्रतिध्वनी आलेला असतो, मग सगळ्याचा गोंगाट. त्याऐवजी एकच टाळी, किंवा 'हो' एवढाच शब्द, आणि मग गप्प. सात ते दहा वेळा परत येताना मोजता येतो.

कुजबुजीसाठी एकाने भिंतीला तोंड जवळ नेऊन भिंतीच्या कडेकडेने बोलायचे, दुसऱ्याने बरोबर समोरच्या बाजूला कान भिंतीशी लावायचा. आवाज गोल भिंतीला धरून सरकत जातो. घुमटाच्या मधोमध तोंड करून बोललात तर ही गंमत जाते.

तोफखाना
वर न चढता काय कळते, हा प्रश्न मला आवडला. माझ्या मते गोल घुमटाची खरी करामत खालूनच दिसते, वर चढणाऱ्यांचे तिकडे लक्षच जात नाही.

आईंना दालनाच्या एका कोपऱ्यात उभे करा आणि मान वर करायला सांगा. खाली चौरस दालन, प्रत्येक बाजू सुमारे 41 मीटर, मध्ये एकही खांब नाही. वर गोल घुमट. चौरसावर गोल बसवायचा म्हणजे कोपरे उघडे राहतात. इथे एकमेकांवर 45 अंशांनी फिरवलेले दोन चौरस कल्पून आठ कमानी एकमेकींना छेदत नेल्या आहेत. त्या छेदांमुळे कोपरे भरत जाऊन वर अष्टकोन तयार होतो आणि त्यावर वर्तुळ. भिंतीपासून आत झुकलेल्या या बांधकामाचे वजन आतल्या बाजूला ओढते, घुमट बुडाशी बाहेर रेटतो, आणि दोन्ही एकमेकांना तोलतात. घुमट विटा आणि चुन्याचा आहे. बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर आणि आतला 38, यावरून बुडाशी जाडी तीन मीटरच्या आसपास निघते. मुलाला हे गणित तिथेच करायला लावा.

इमारत मुहम्मद आदिलशहाची (कारकीर्द 1627 ते 1656) कबर. मधल्या चौथऱ्यावर ज्या कबरी दिसतात त्या वरच्या खुणा आहेत, खऱ्या कबरी खाली तळघरात. फोटोसाठी समोरून उभे राहू नका, नक्कारखाना मध्ये येतो. बाजूच्या बागेतून चारपैकी दोन मनोरे आणि पूर्ण घुमट एका चौकटीत बसतो.

अनवट
वा, हे कुठेच वाचले नव्हते. मग आई खाली आणि आम्ही दोघे वर. पण गोल घुमट शुक्रवारी करू की शनिवारी? संग्रहालय शनिवारीच उघडे म्हणताय.

चुनखडी
शनिवारी एकत्र उरका, आवार एकच आहे.

रानवारा
असहमत. ज्या गोष्टीसाठी इतक्या लांब जायचे ती शेवटच्या दिवसावर टाकू नये. शिवाय शनिवारी गर्दी वाढते. घुमट शुक्रवारी पहाटे, संग्रहालय शनिवारी दहाला. त्याचे तिकीट वेगळे आणि नाममात्र आहे, आणि स्टेशनच्या वाटेवरच पडते.

तोफखाना
रानवारांशी सहमत. मात्र संग्रहालय टाळू नका. हस्तलिखिते, चिनी मातीची भांडी, शिलालेख, जुन्या शहराचे चित्रण, तासाभराचा ऐवज आहे.

आता दुसरा प्रश्न. एकच असेल तर इब्राहिम रोझा, बिनदिक्कत. गोल घुमट थक्क करतो, रोझा थांबवून ठेवतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची (कारकीर्द 1580 ते 1627) आणि ताज सुलतानाची कबर, काम मलिक संदलचे. उत्तरेच्या दारातून आत शिरलात की एकाच चौथऱ्यावर डावीकडे कबर, उजवीकडे मशीद, मध्ये हौद.

वेळ अशी निवडा: कबरीचा मशिदीकडचा दर्शनी भाग पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे त्यावर उजेड दुपारी तीननंतर पडतो. मशिदीचे तोंड पूर्वेला, तिथे सकाळी. कोरीव काम कबरीच्या भिंतींवर जास्त आहे, त्यामुळे तीन ते साडेपाच ही वेळ. बहुतेक रिक्षावाले सकाळी गोल घुमट झाला की थेट इथे आणून सोडतात, तेव्हा ती भिंत नेमकी सावलीत असते.

बघायचे काय? खिडक्यांच्या दगडी जाळ्या. नेहमीची भौमितिक नक्षी नाही ती. अरबी अक्षरेच जाळी म्हणून कोरलेली आहेत आणि अक्षरांच्या मधल्या फटींतून उजेड आत येतो. बाहेरून जाळी बघा, मग आत जाऊन तीच जाळी उजेडाच्या बाजूने बघा. दुसरे म्हणजे आतले छत. सुमारे 40 फूट चौरस दालन, आणि मधला भाग चक्क सपाट. दगडी फरशा कडेला कड लावून चुन्याने सांधल्या आहेत, खालून आधार दिसत नाही. घुमट त्याच्या वर वेगळाच, मध्ये पोकळ जागा. बाहेरून घुमट बघून आत गेलेला माणूस सपाट छत बघून गोंधळतो.

चौथऱ्यावर चपला काढाव्या लागतात. दगड दुपारी तापलेला असतो, मोजे जवळ ठेवा. चौथऱ्यावर जायला पायऱ्या आहेत, पण थोड्या. आईंना जमेल.

चुनखडी
रोझ्याच्या वाटेवर शहराच्या पश्चिम तटावर मुलुख मैदान ही तोफ आहे, वीस मिनिटे पुरतात. 1549 साली अहमदनगरला ओतलेली, नंतर परांड्याच्या किल्ल्यावर होती, 1632 मध्ये तिथून विजापूरला आणली. लांबी साधारण साडेचार मीटर, वजन 55 टन सांगतात. तोंडाशी नीट बघा, सिंहाच्या जबड्यात हत्ती आहे. धातू घंटेच्या जातीचा, बोटाने टिचकी मारली तरी नाद येतो. ती आहे त्या शेरझा बुरुजावर चढायला थोड्याच पायऱ्या.

जवळच उपली बुरूज (1584). उंची सुमारे 24 मीटर, जिना बाहेरच्या अंगाने उघड्यावर. मुलगा चढेल, हात धरून. आईबाबांनी खालीच थांबावे. वरून सगळे शहर दिसते आणि दोन गुंबजांमधले अंतर डोळ्यांना कळते: गोल घुमट पूर्व टोकाला, रोझा पश्चिमेला तटाबाहेर, मध्ये सरळ रेषेत साडेतीनएक किमी. वर नऊ मीटर लांबीची तोफ आहे, पण मुलुख मैदानानंतर ती किरकोळच वाटते.

मक्का दरवाज्याजवळ ताज बावडीही आहे. कमान बघून निघा, पाण्याकडून अपेक्षा ठेवू नका.

रानवारा
शुक्रवार दुपार मोकळी राहते ती अर्किल्ल्यासाठी. गगन महाल (1561) हा दरबार, मधली कमान जवळपास 18 मीटर रुंद. छत लाकडी होते, ते गेले. 1686 मध्ये विजापूर पडले तेव्हा सिकंदर आदिलशहाला औरंगजेबापुढे इथेच चांदीच्या बेड्यांत आणले असे सांगतात. जवळच बारा कमान, दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट कबर. त्याच्या 1672 मधल्या मृत्यूनंतर काम पुढे सरकले नाही. काळ्या दगडाच्या नुसत्या कमानी, वर आभाळ. बांधकाम समजून घ्यायला अर्धवट इमारत फार सोयीची: कमानींचे थर उघडे दिसतात.

असर महालात स्त्रियांना आत सोडत नाहीत. आईंना घेऊन तिथवर जाऊन हिरमोड नको, बाहेरून हौद आणि उंच लाकडी खांब दिसतात तेवढे पुरे. तिथून जुम्मा मशिदीकडे जाताना मेहतर महाल लागतो. नाव महाल, प्रत्यक्षात एका मशिदीचा दरवाजा. सज्जाखालच्या तिरप्या दगडी आधारांचे कोरीव काम लाकडासारखे बारीक आहे, रिक्षा दोन मिनिटे थांबवा.

तोफखाना
रिक्षा ठरवताना 'सगळे दाखवतो' यावर जाऊ नका, त्यात तीन ठिकाणे निघतात. ठिकाणांची नावे आणि प्रत्येक ठिकाणी थांबायचा वेळ सांगून एकच रक्कम ठरवा. शुक्रवारची यादी दुपारी बारापासून: गगन महाल, बारा कमान, जेवण, मुलुख मैदान, उपली बुरूज, तीनला रोझा. शनिवारी साडेआठला जुम्मा मशीद, वाटेत मेहतर महाल, दहाला संग्रहालय.

जुम्मा मशिदीत डोके झाकायला ओढणी-रुमाल असू द्या. बांधकाम पहिल्या अली आदिलशहाने तालिकोटच्या लढाईनंतर काढले. फरशीवर प्रत्येक नमाजीसाठी आखलेले चौकोन 2250 आहेत, ते औरंगजेबाच्या काळातले. सोनेरी मिहराब (मक्केच्या दिशेचा कोनाडा) पडद्याआड असेल तर तिथल्या माणसाला विचारा, स्वतः पडदा सारू नका.

अनवट
सगळे लिहून घेतले. शेवटचे एकच: जेवण शाकाहारी आणि बिनतिखट मिळेल का? बाबांना तिखट चालत नाही.

चुनखडी
शाकाहारी खानावळी भरपूर. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, दही. बिनतिखट मात्र अवघड. बसल्याबसल्या 'खारा कम्मी' (कन्नडमध्ये 'तिखट कमी') म्हणा आणि बाबांसाठी दही जास्त मागा.