मदत हवी आहे: फर्नांडो व्हॅलेन्झुएलाच्या सहीचा चेंडू आणि काकांचा खोका

नमस्कार. काकू या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसहून कायमच्या पुण्यास परतल्या आणि येताना त्यांनी दिवंगत काकांचा एक खोका माझ्या स्वाधीन केला. काका तेथे १९७८ पासून नोकरीस होते. बेसबॉलची गोडी मात्र त्यांना लागली ती १९८१ मध्ये, फर्नांडो व्हॅलेन्झुएलामुळे. मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातील एका खेड्यातला हा वीस वर्षांचा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा), ठरलेला पिचर जेरी रॉइस जायबंदी झाल्यामुळे, मोसमाच्या पहिल्याच सामन्यात लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघातर्फे उतरला, ह्यूस्टनच्या संघाला त्याने एकही धाव करू दिली नाही आणि पुढे सुरुवातीचे आठही सामने जिंकले; त्यांपैकी पाचांत प्रतिस्पर्ध्यांची पाटी कोरी राहिली. सर्वोत्तम नवोदित आणि साय यंग (सर्वोत्तम पिचरचा) हे दोन्ही पुरस्कार एकाच वर्षी मिळवणारा आजवर तोच एक. चेंडू टाकण्यापूर्वी तो डोळे आभाळाकडे कसे लावतो आणि त्याचा स्क्रूबॉल टप्पा न घेता हवेतच उजव्या फलंदाजापासून दूर कसा वळतो, हे काका आम्हां क्रिकेटवाल्यांना पत्रांतून मोठ्या हौसेने समजावीत.

खोक्यात डॉजर्सचे निळे पेनंट (त्रिकोणी झेंडा), एक टोपी, खेळाडूंची छायाचित्रे असलेली दोन कार्डे, वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत न्यूयॉर्कच्या यांकीज संघावर मिळवलेल्या विजयाचे वृत्तपत्र आणि सही केलेला चेंडू आहे. माझ्या अडचणी अशा:

चेंडूवर दोन सह्या आहेत. दोन शिवणी जिथे सर्वांत जवळ येतात, त्या पट्टीवर फर्नांडोची निळी सही आहे. ती आता फिकट झाली असून कातडेही साईसारखे पिवळसर पडले आहे. पलीकडील बाजूस छापल्यासारखी ‘चार्ल्स एस. फीनी’ अशी सही आहे. या नावाचा खेळाडू संघाच्या यादीत मला सापडला नाही, त्यामुळे चेंडू बनावट तर नसेल ना, अशी शंका येते. शिवाय फ्लीअर कंपनीच्या कार्डावर फर्नांडोचे नावच चुकीचे, शेवटचा ‘ओ’ गाळून छापलेले आहे.

फिकट सही त्याच रंगाच्या पेनाने गिरवून घ्यावी, असे एका परिचितांनी सुचवले आहे. येथील एका फ्रेमवाल्याने तर मला न विचारताच वृत्तपत्र पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवून टाकले. बाकीच्या वस्तू तरी पुण्याच्या पावसाळ्यात कशा जपाव्यात, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

सही कृपया गिरवू नका. गिरवलेली सही अस्सल असली तरी संग्राहक तिला बिघडलेलीच समजतात. फीनी हे खेळाडू नव्हेत, तर १९७० ते १९८६ या काळातील नॅशनल लीगचे (डॉजर्स ज्या लीगमध्ये खेळतात तिचे) अध्यक्ष होत, आणि लीगच्या अधिकृत चेंडूंवर अध्यक्षांच्या सहीचा शिक्का असे. चेंडूवर रॉलिंग्ज हे नावही असेल तर तो १९७७ किंवा त्यानंतरचा, कारण त्या वर्षापासून नॅशनल लीगचे चेंडू ती कंपनी पुरवू लागली. अर्थात यावरून चेंडूचा काळ जुळतो, सही अस्सल ठरत नाही. त्यासाठी पीएसए किंवा जेएसए यांसारख्या संस्थांकडून तपासणी करून घ्यावी लागेल. फ्लीअरने १९८१ मध्ये नाव खरोखरच तसे छापले होते, त्यामुळे त्या चुकीवरून कार्ड खोटे ठरत नाही. दुसरे कार्ड टॉप्स या कंपनीचे असेल आणि त्यावर फर्नांडोसोबत आणखी दोन तरुण खेळाडू असतील, तर ३०२ क्रमांक पाहा. त्या काळी कार्डे अमाप छापली जात, तेव्हा मोठ्या किमतीची आशा धरू नये. चेंडू उन्हापासून दूर, बंद डबीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा आणि पुडी पावसाळ्यात अधूनमधून बदला. कार्डांसाठी पीव्हीसीची पाकिटे टाळा.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. रॉलिंग्जचे नाव आहे, आणि कार्डावर ३०२ हाच क्रमांक आहे. काकूंना विचारले असता कळले की, सही १९८४ मध्ये एका दुकानात रांगेत दीड तास उभे राहून, काकांच्याच खिशातील बॉलपेनने घेतली होती. चेंडू विकायचा नसल्यामुळे तपासणीचा खर्च करणार नाही. वृत्तपत्र गोंदातून सोडवणारे कागद-संवर्धक पुण्यात कोणाच्या माहितीत असल्यास कळवावे. तोवर ते पुठ्ठ्यासकट कपाटात आडवे ठेवले आहे.