दरवाढीचं इंग्रजी: राइज की रेझ, बाय की टू?

प्रश्न: आमची छोटी डेअरी आहे. म्हशीचं दूध 70 रुपये लिटर आहे, 1 तारखेपासून 72 होणार. सोसायट्यांमध्ये अमराठी ग्राहक बरेच, म्हणून सूचना इंग्रजीत हवी. मसुदा असा: 'मिल्क प्राइस विल रेझ टू 2 रुपीज.' ठीक आहे का?

उत्तर: ताई, दोन्ही शब्द बदला. 'टू 2 रुपीज' म्हणजे दूध 2 रुपये लिटर झालं! मराठी वाक्यालाच विचारा. भाव 2 रुपयांनी वाढतो आणि 72 वर जातो. 'नी' आलं की बाय, 'वर' आलं की टू. ऑगस्ट 2023 मध्ये घरगुती सिलिंडर 200 रुपयांनी उतरला, दिल्लीत 1103 वरून 903 वर आला: 'कट बाय 200, फ्रॉम 1103 टू 903'.

दुसरं, भाव वाढला तर राइज, कुणी वाढवला तर रेझ. प्राइस आपण होऊन 'रेझ' होत नाही. गोंधळ होत असेल तर 'इन्क्रीज' लिहा, ते दोन्हीकडे चालतं.

तुमचं वाक्य: 'द प्राइस ऑफ बफेलो मिल्क विल राइज बाय 2 रुपीज, फ्रॉम 70 टू 72 रुपीज अ लीटर.'

आणखी एक: 'चीप प्राइस'ही टाळावं. आपल्याकडे वस्तू स्वस्त होते, भाव उतरतो. 'भाव स्वस्त झाला' कानाला खटकतंच. तसंच प्राइस लो, मिल्क चीप.

प्रश्न: आभार! तुपाचंही विचारते. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. 'प्राइस रिड्यूस्ड बाय 7 पर्सेंट' चालेल?

उत्तर: नाही, आणि हे नीट समजून घ्या, कारण ग्राहक हिशेब करतात. करापूर्वीची किंमत 100 धरा. आधी 112 पडत होते, आता 105. म्हणजे 112 वर 7 रुपये कमी, ही घट 6.25 टक्के. कराचा दर मात्र 7 'पर्सेंटेज पॉइंट्स'नी, म्हणजे दोन टक्केवारींमधल्या सरळ फरकाने (12 वजा 5) उतरला. इथे मराठी मदतीला येत नाही, कारण बोलताना आपण दोन्हींना टक्केच म्हणतो. फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) 6.50 टक्क्यांवरून 6.25 केला, तेव्हा आपण 'पाव टक्का कपात' म्हणालो. इंग्रजीत ते '25 बेसिस पॉइंट्स'; एक बेसिस पॉइंट म्हणजे पर्सेंटेज पॉइंटचा शंभरावा भाग. 'बाय 0.25 पर्सेंट' काटेकोर वाचलं तर दर 6.48 च्या आसपास निघतो.

तुपाच्या सूचनेत टक्केवारी घालूच नका. डब्याचा जुना दर आणि नवा दर, फ्रॉम आणि टू लावून लिहा.