ट्रस्ट फोडले कोणी? रूझवेल्टच्या भाषणांनी की टाफ्टच्या फायलींनी?

चष्मेवाले काका (धागाकर्ता)

भाच्याने विचारलं, "अमेरिकेत मक्तेदाऱ्या मोडणारा अध्यक्ष कोण?" तोंडून आपसूक निघालं, थिओडोर रूझवेल्ट. मग जरा हिशेब मांडला आणि स्वतःचीच लाज वाटली.

रूझवेल्ट साडेसात वर्षं अध्यक्ष होता, त्याच्यामागून आलेला टाफ्ट फक्त चार. तरी ट्रस्टांवर, म्हणजे कंपन्या एकत्र करून बनलेल्या मक्तेदाऱ्यांवर, खटले भरले ते टाफ्टनेच जास्त. स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचे ३४ तुकडे झाले १९११ साली, तेव्हाही खुर्चीवर टाफ्टच. हा माणूस पिंडाने न्यायाधीश. सभा जिंकणं त्याला कधी जमलं नाही, म्हणून इतिहासात त्याच्या वाट्याला फक्त वजनावरचे विनोद आले.

माझं म्हणणं सरळ आहे. त्या काळात जे बदललं ते कायद्याने. १८९० चा मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा सिनेटमध्ये ५१ विरुद्ध १ मतांनी आणि खालच्या सभागृहात एकही विरोधी मत न पडता मंजूर झाला. भाषणं म्हणजे वरातीतला बँड. लग्न त्याने लागत नाही.

तिरपी रेघ

असहमत. काका, आधी तारखा नीट लावा. स्टँडर्ड ऑइलवर खटला भरला गेला १९०६ साली, रूझवेल्टच्या काळात. टाफ्टच्या वेळी फक्त निकाल लागला.

आणि तुमच्या लाडक्या शर्मन कायद्याचं पहिल्या बारा वर्षांत काय झालं तेही सांगा ना. १८९५ मध्ये साखर ट्रस्टचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. देशातल्या साखर शुद्धीकरणाचा ९८ टक्के धंदा एका कंपनीच्या मुठीत. कोर्ट म्हणालं, साखर तयार करणं हे उत्पादन, व्यापार नव्हे; सबब कायदा लागू नाही! कंपनी सुटली. त्याच्या आदल्या वर्षी मात्र पुलमनच्या रेल्वे संपात कामगारांना रोखायला खालच्या कोर्टाने हाच कायदा बाहेर काढला होता. मनाई हुकूम मोडला म्हणून कामगार नेता युजीन डेब्ज सहा महिने तुरुंगात गेला. मक्तेदारांसाठी घडवलेली काठी पडली मजुरांच्या पाठीवर.

१९०२ मध्ये रूझवेल्टच्या सरकारने नॉर्दर्न सिक्युरिटीज या रेल्वे कंपनीवर खटला भरला आणि १९०४ मध्ये जिंकला. कायद्यातला कानामात्रा तरी बदलला होता का मधल्या काळात? हवा बदलली होती. ती बदलते बोलण्यानेच. खुद्द जॉन शर्मनने हा कायदा मांडताना सिनेटमध्ये म्हटलं होतं की राजकीय राजा सहन करत नसू, तर जीवनावश्यक वस्तूंच्या उत्पादनावरचा राजाही सहन करता कामा नये. हे भाषण नव्हे तर काय?

चष्मेवाले काका

१९०६ ची तारीख मान्य, माझी चूक. पण १९०४ चा निकाल ५ विरुद्ध ४ होता. एक न्यायमूर्ती सरकला असता की तुमची हवा गुल.

रूझवेल्टचं सगळ्यात गाजलेलं भाषण घ्या: ३१ ऑगस्ट १९१०, कॅन्ससमधलं ओसावाटोमी. बड्या संपत्तीवर चढता आयकर लावा, अशी गर्जना केली. पण आयकराची घटनादुरुस्ती जुलै १९०९ मध्येच काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मंजूर करून राज्यांकडे धाडली होती. टाफ्टच्या शिफारशीवरून! स्टेशनातून सुटलेल्या गाडीला हिरवा झेंडा दाखवायचा प्रकार.

भाषणाचा एक उपयोग मात्र मी मान्य करतो. १४ ऑक्टोबर १९१२ ला मिलवॉकीत रूझवेल्टवर गोळी झाडली गेली, तेव्हा खिशातली चष्म्याची डबी आणि घडी घातलेलं पन्नास पानी भाषण आडवं आलं. चार ओळींत आटोपणारा असता तर मेला असता.

पोस्टकार्ड

हा हा, मिलवॉकी भारी. पण काका, आयकराची गाडी १९०९ मध्ये सुटली असेल, कोळसा कोणी टाकला होता? आयकर १८९४ सालीच लागू झाला होता, तो १८९५ मध्ये कोर्टाने रद्द केला. पुढच्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागो अधिवेशनात विल्यम जेनिंग्ज ब्रायन बोलायला उभा राहिला. 'मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच भाषणातली आयकरावरची कोपरखळी मला जास्त आवडते. मंजूर झाला तेव्हा हा कायदा घटनाबाह्य नव्हता, एका न्यायाधीशाने मत बदललं तेव्हा झाला. आता न्यायाधीश मत कधी बदलणार हे आम्ही कसं ओळखायचं?

ब्रायन तीनदा अध्यक्षपदाला उभा राहिला, तीनदा पडला. आयकर मात्र १९१३ मध्ये आलाच. तीन हजार डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर एक टक्का. (त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. कोलंबियातले त्यांचे गुरू सेलिगमन हे चढत्या आयकराचे मोठे पुरस्कर्ते. त्यांच्या वर्गात तेव्हा काय चर्चा झडत असतील!)

ओवी

बुवांनो, कायदा की भाषण हे भांडताय खरे, पण बायका आणि पोरं कुठे आहेत यात?

३० सप्टेंबर १९१८ ला अध्यक्ष विल्सन स्वतः सिनेटमध्ये जाऊन स्त्रियांच्या मताधिकारासाठी बोलला. दुसऱ्या दिवशी ठराव दोन मतांनी पडला. झालं भाषण! शेवटी १९२० मध्ये घटनादुरुस्तीला आणखी एका राज्याची मंजुरी हवी होती आणि सगळं टेनेसीवर अडलं. हॅरी बर्न हा चोवीस वर्षांचा आमदार विरोधी गटाचं लाल गुलाब लावून आला होता. खिशात आईचं पत्र, बाजूने मत दे म्हणून. दिलं त्याने.

कायद्याचीही तीच गत. १९१६ चा बालमजुरीविरोधी कायदा कोर्टाने १९१८ मध्ये मोडला. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं. तोवर गिरणीतली ती पोरं म्हातारी नाही, पण बाप झाली होती. आणि हाच सुधारक विल्सन वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवू देत होता. त्याच्या भाषणांत ते कुठे सापडतं बघा.

चष्मेवाले काका

ओवीताई, आईचं पत्र झकास. पण बर्नने मत कशावर दिलं? घटनादुरुस्तीवर. म्हणजे कायद्यावरच. आणि १९१८ चा निकाल हा कोर्टाचा दोष, कायद्याचा नव्हे. टाफ्टसारखी कायदा जाणणारी माणसं तिथे असती तर...

ओवी

काका, १९१८ नंतर काँग्रेसने दुसरा रस्ता काढला होता. बालमजूर ठेवणाऱ्या कारखान्यांच्या नफ्यावर दहा टक्के कर. तोही कोर्टाने १९२२ मध्ये रद्द केला. निकालपत्र लिहिलं होतं सरन्यायाधीशांनी. नाव विल्यम हॉवर्ड टाफ्ट.

तिरपी रेघ

😂 काका?

चष्मेवाले काका

भाचा आलाय. उद्या लिहितो.